अंगणवाडीचे तास

(आसेगाव, ता. मंगरुळपीर, जि. वाशीम येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते दरवर्षी पहिलीचा वर्ग मागून घेत, असं संयोजकांनी मला सांगितलं. हे ऐकल्यावर माझा विषय ठरला. आपल्याकडे सातवीचा वर्ग मानाचा समजतात आणि पहिली नव्याने रुजू झालेल्यांच्या गळ्यात पडते. पण पहिलीच्या शिक्षकाला जे दिसतं ते शाळेत दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. जून संपता संपता त्याच्यासमोर लेकरं येऊन बसतात, तेव्हा त्यांच्यातलं अंतर आधीच पडलेलं असतं. एक लेकरू गोष्ट ऐकून ‘मग पुढं काय झालं?’ म्हणून विचारतं. शेजारचं तितकंच हुशार लेकरू खडू धरायलाही बिचकतं. दोघांचं वय सारखं, गाव एक. दोघांच्या आयुष्यातली तीन ते सहा ही वर्षं मात्र सारखी गेलेली नसतात.

मला काय म्हणायचं आहे ते आधीच सांगते. सरकारने गावोगाव अंगणवाडी दिली, खिचडी दिली, वजनकाटा दिला, लसीकरणाचा दिवस ठरवून दिला. या सगळ्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण तीन ते सहा वयाच्या लेकरांबरोबर रोज काही तास फक्त त्यांच्यासाठी बसेल, असं मोकळं माणूस धोरणाने अजून दिलेलं नाही. अंगणवाड्या किती, हे आपण मोजत आलो. त्यातले तास कधी मोजलेच नाहीत.

आता जरा मागे जाऊ, कारण ही गोष्ट महाराष्ट्राची आहे आणि तिचा एक धागा आपल्या वऱ्हाडातून जातो. ताराबाई मोडक 1892 मध्ये मुंबईत जन्मल्या, पण लग्नानंतरची काही वर्षं त्यांनी अमरावतीत काढली. पुढे राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात काम केलं आणि 1923 मध्ये भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या. त्या काळी पदवीधर बाईने बालमंदिरात लहान लेकरांत बसणं, हे लोकांना वाया जाण्यासारखं वाटे. 1926 मध्ये गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बालशिक्षण संघ काढला, ‘शिक्षणपत्रिका’ चालवली. 1936 मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. शहरातली शिकलेली कुटुंबं आपली मुलं तिथे हौसेने पाठवू लागली.

इथेच थांबल्या असत्या तरी त्यांचं नाव राहिलं असतं. पण त्यांना एक प्रश्न गप्प बसू देईना. माँटेसरी पद्धतीचं महागडं साहित्य, स्वच्छ गणवेश, हसरी मुलं हे सगळं ठीक, पण खेड्यातल्या लेकराचं काय? 1945 मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. त्यांच्याबरोबर होत्या अनुताई वाघ. अनुताई मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न झालेल्या, काही महिन्यांतच विधवा झालेल्या आणि जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या, अनुताई पस्तिशीच्या.

बोर्डीत जे घडलं ते धोरण आखणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावं असं आहे. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची लेकरं येईनात. आज आपण असं झालं की म्हणतो, ‘पालकांमध्ये जागृती नाही.’ ताराबाई-अनुताईंनी तसं म्हटलं नाही. लेकरू येत नसेल तर आपण त्याच्या अंगणात जायचं, असं त्यांनी ठरवलं. वस्तीत जायचं, लेकरांना आंघोळ घालायची, नखं काढायची, केस विंचरायचे, आणि तिथेच अंगणात बसून गाणी, गोष्टी, खेळ. अंगणवाडी जन्मली ती अशी. साहित्यही तिथलंच : शंखशिंपले, बिया, पानं, खडे. 1957 मध्ये काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून कुरणातच शाळा भरवली. तिचं नाव कुरणशाळा. दिवसा काम करणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी, एकाच विचाराने. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन आली तर तिला परत पाठवायचं नाही. धाकटा पाळण्यात, ती वर्गात.

‘सर्वसमावेशक बालशिक्षण व्यवस्था’ हा शब्दप्रयोग सरकारी कागदांवर यायच्या कितीतरी आधी दोन बायकांनी ती व्यवस्था एका टेकडीवर उभी करून दाखवली होती. तिच्यात वेळ लेकराच्या सोयीचा होता. जागा लेकराच्या जवळची होती, आणि शिकवणारी त्याच कामासाठी तयार केलेली होती.

इकडे आपल्या विदर्भात सेवाग्रामलाही हाच विचार चालू होता. 1937 च्या वर्ध्याच्या परिषदेतून नई तालीम ही शिक्षणपद्धती निघाली आणि 1945 मध्ये तिची व्याप्ती वाढून सात वर्षांखालच्या मुलांची पूर्व-बुनियादी तालीम तिच्यात आली. तिथे स्वच्छता, भाजीचे वाफे, सूत, गाणी हाच अभ्यास. तेव्हा बालशिक्षणाचा विचार आपण कुठून उसना आणलेला नाही. पुण्या-मुंबईच्या बालवर्गांइतकाच तो बोर्डीच्या अंगणातून आणि सेवाग्रामच्या झोपडीतून आलेला आहे.

ताराबाई 1973 मध्ये गेल्या. दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यातली दोन ठिकाणं होती, मुंबईची धारावी आणि मेळघाटातली धारणी. धारणी म्हणजे आपल्याच अमरावती विभागातली. या योजनेने सहा सेवा एकत्र केल्या : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व आहार शिक्षण, आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. जगात फार थोड्या देशांनी एवढी मोठी, एवढी एकत्र विचार केलेली योजना आखली. कुपोषित लेकरू शिकू शकत नाही, आणि ज्याच्याशी कुणी बोलत-खेळत नाही त्या लेकराची नुसत्या आहाराने पुरी वाढ होत नाही, हे या योजनेने ओळखलं होतं. प्रत्यक्षात मात्र सहा सेवांमधली शेवटची ही पहिली मागे पडली.

याचं एक कारण कायद्यात आहे. संविधानाच्या मूळ कलम 45 मध्ये सांगितलं होतं की दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण द्यावं. ‘चौदापर्यंत’ म्हणजे सहाच्या खालचेही त्यात आले. 1993 मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदापर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क मानला. मग 2002 मध्ये 86 वी घटनादुरुस्ती झाली आणि हक्काची सुरुवात सहापासून झाली. सहाच्या खालच्यांसाठी कलम 45 बदलून राज्याने ‘प्रयत्न करावा’ एवढंच राहिलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम 11 तर सांगतं की तीन वर्षांवरच्या मुलांसाठी सरकार पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था ‘करू शकेल’. सहा वर्षांच्या मुलाला शाळा मिळाली नाही तर त्याचे पालक न्यायालयात जाऊ शकतात. चार वर्षांच्या मुलाच्या शिकण्यासाठी तसं कलम नाही. ज्या वयात मेंदूची बहुतेक वाढ होते, ते वय आपण हक्काच्या बाहेर ठेवलं. ही मोठी चूक होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

आहाराच्या बाजूने मात्र न्यायालय उभं राहिलं. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या 2001 मधल्या अन्न अधिकार याचिकेत 13 डिसेंबर 2006 रोजी आदेश झाला, की देशातल्या प्रत्येक वस्तीत अंगणवाडी पाहिजे. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची 40 मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. तांड्यावरच्या, वस्तीवरच्या लोकांनी हा आदेश पाठ करून ठेवावा.

आणि धोरणाने लक्ष घातलं की काय होतं, हेही महाराष्ट्रानेच दाखवलं. 2005 मध्ये राज्यात राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. 2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची 46 टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी, म्हणजे खुजी होती. दहा वर्षांनी ते प्रमाण 34 वर आलं. पण त्यापुढच्या, 2019-21 च्या पाहणीत ते 35 वरच अडकलेलं दिसतं. पहिली उतरण उतरलो आणि थबकलो. त्या पाहणीप्रमाणे राज्यातलं तीनातलं एक लेकरू खुजं आहे. आहाराची पाकिटं थांबलेली नाहीत. पुढची उतरण पाकिटाने होणारी नाही. घरी जाऊन आईशी बोलणारं, लेकराला खेळवणारं, भरवायचं कसं ते दाखवणारं माणूस लागतं. म्हणजे पुन्हा प्रश्न आला तो माणसाचा आणि त्याच्या वेळेचा.

अंगणवाडी सेविकेचा दिवस बघा. सकाळी येऊन मुलांना गोळा करायचं, हजेरी, नाश्ता, वजन-उंची, गरोदर मातांची नोंद, टीएचआरचं, म्हणजे घरी न्यायच्या आहाराचं वाटप, लसीकरणाच्या दिवशी नर्सताईंना मदत, दुपारी गृहभेटी, महिन्याच्या बैठका. शिवाय वेगवेगळ्या विभागांचे सर्व्हे. एकेकाळी अकरा रजिस्टरं होती. 2021 पासून पोषण ट्रॅकर आला. मोबाइलमध्ये माहिती भरायची, रेंज नसेल तर रेंज शोधत फिरायचं. या सगळ्यातून शिल्लक राहील तेवढा वेळ गाण्या-गोष्टींना. आणि तो राहिलाच नाही, तर वर कुणी विचारत नाही. वजन भरलं नाही तर पर्यवेक्षिकेचा फोन येतो. गोष्ट सांगितली नाही म्हणून फोन आलेला कुणी ऐकला आहे का?

तामिळनाडूत यावर एक चोख प्रयोग झाला. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 320 अंगणवाड्या घेतल्या आणि त्यांतल्या काहींत सेविकेला जोडीला फक्त बालशिक्षणासाठी अर्धवेळ एक बाई दिली. बाकी काही बदललं नाही. दीड वर्षानंतर शिकवण्याचा वेळ दुप्पट झालेला आढळला. मुलांचं गणित आणि भाषा सुधारली. आणि लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की खुजेपणा आणि तीव्र कुपोषणही कमी झालं, कारण मूळ सेविकेला पोषणाच्या कामाला वेळ मिळाला. नवी इमारत, टॅबलेट, भिंतीवरची रंगीत चित्रं यांतलं काहीही न देता नुसतं एक माणूस दिलं, तर दोन्ही बाजूंनी फायदा झाला. तीस दिवसांचं प्रशिक्षण आणि हजार रुपयांचं साहित्य यांवर आपण जी भाषणं करतो, त्यापेक्षा या एका निष्कर्षात जास्त धोरण आहे.

आणि मूळ सेविकेला आपण काय देतो? अंगणवाडी सेविका कागदोपत्री आजही ‘मानसेवी’ आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये केंद्राने सेविकेचं मानधन महिना 4,500 रुपये आणि मदतनिसाचं 2,250 रुपये केलं. बाकीचं राज्याने घालायचं. महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीस 2017 मध्ये संपावर गेल्या, 4 डिसेंबर 2023 पासून पुन्हा गेल्या. दर वेळी वर्तमानपत्रांत ‘बालकांचा आहार बंद’ अशी बातमी येते. आहार बंद झाला हे खरं, पण तो कशामुळे बंद झाला ते पुढच्या ओळीत यायला हवं. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका प्रकरणात निकाल दिला, की सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, कारण त्या पूर्ण वेळेचं काम करतात. पूर्ण वेळेचं काम, पण पूर्ण पगार नाही आणि पूर्ण दर्जाही नाही. गावातला सर्वांत महत्त्वाचा वर्ग शिकवणाऱ्या बाईला आपण अशा अवस्थेत ठेवलं आहे.

मग ज्याच्या हातात चार पैसे आहेत तो काय करतो? सकाळी तालुक्याच्या गावाची पिवळी व्हॅन येते आणि टाय लावलेली तीन-चार वर्षांची लेकरं तिच्यात कोंबली जातात. मी या आईबापांना दोष देत नाही. पोटाला चिमटा काढून ते हे करतात. पण तिथे काय होतं तेही सांगायला हवं. तीन वर्षांचं लेकरू ओळीत बसून ए-फॉर-ॲपल घोकतं, घरी गृहपाठ आणतं. राजस्थान, आसाम आणि तेव्हाचा आंध्र या राज्यांतली हजारो मुलं काही वर्षं अभ्यासून काढलेल्या एका मोठ्या अहवालात दिसलं, की शाळेसाठी मूल तयार होतं ते खेळातून, बोलण्यातून, कृतीतून. घोकंपट्टीने नाही आणि नुसतं बसवून ठेवल्यानेही नाही. व्हॅनमधलं लेकरू आणि खिचडी खाऊन घरी गेलेलं लेकरू, दोघंही आपापल्या परीने वंचितच राहतात. नव्वदच्या दशकात महाराष्ट्राने बालवर्गातल्या प्रवेशासाठी मुलाखती घेण्यावर बंदी आणणारा कायदा केला. चांगलं केलं. पण बालवर्गात आत काय चालावं, याची देखरेख करणारं कुणी आजही नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला, हे मला मनापासून पटतं. अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून एकच धागा. पण अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची आणि शाळा शिक्षण विभागाची. दोघांचे अधिकारी, गाड्या, बैठका वेगळ्या. एकाच आवारात दोघी बसतात तरी पहिलीच्या बाईंना अंगणवाडीच्या ताईने मागच्या वर्षी या लेकराला काय शिकवलं ते माहीत नसतं. विकासवाडीत ही भिंत नव्हती.

आपल्या भागाची एक गोष्ट मी मुद्दाम काढते. मानोरा, मंगरुळपीर, रिसोड या पट्ट्यात बंजारा तांडे आहेत. तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं. अंगणवाडीत मराठी ऐकतं. आणि व्हॅनमध्ये बसलं तर एकदम इंग्रजी. चौथ्या वर्षी लेकराला तीन भाषा शिकता येतात, लेकरं फार हुशार असतात. पण पहिली पायरी मायबोलीची हवी. तांड्यावरची आजी येऊन अंगणवाडीत गोरमाटीत गोष्ट सांगते, तेव्हा गप्प बसणारं लेकरू बोलू लागतं. त्यासाठी शासन निर्णय लागत नाही. मात्र सेविकेची नेमणूक करताना त्या वस्तीची भाषा येणं हे गुणांत धरलं, तर त्याचा फार उपयोग होईल.

आणि साहित्य? चिंचोके आहेत, सागरगोटे आहेत, पळसाची पानं आहेत. तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडाचे बैल सजवून मिरवतात. रंग, मोजणं, जोड्या लावणं, ओळीत उभं राहणं, गाणं हे सगळं त्या एका दिवसात आहे. विदर्भाने मुलांसाठी वेगळा सण ठेवला. वर्षातले बाकीचे दिवसही तसे जावेत, एवढंच मला मागायचं आहे.

आता सर्वांत अवघड मुद्दा, तासांचा. समोर बसलेल्या बायांना मी हे सांगायला नको. सोयाबीन सोंगायला, कापूस वेचायला, निंदायला तुम्ही सकाळी निघता आणि दिवे लागायच्या आत परतता. अंगणवाडी दुपारी सुटते. मधल्या तासांत लेकरू कुठे असतं? वावराच्या धुऱ्यावर, झोळीत, नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीजवळ, आणि मग त्या बहिणीची शाळा बुडते. रोजगार हमीच्या कायद्याने सांगितलं होतं की कामावर सहाखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई मजुरीवर नेमायची. किती कामांवर तशी बाई नेमली गेली, ते तुम्हीच मला सांगा. 2022 पासून केंद्राच्या मिशन शक्तीखालच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय झाली आहे. सोंगणी आणि वेचणीच्या महिन्यांत तरी हे पाळणाघर प्रत्येक मोठ्या गावात चालायला हवं. ऊसतोडीला, वीटभट्टीला गाव सोडून जाणाऱ्यांच्या लेकरांची तर नोंदही हंगामात हरवते. जिथे मायबाप जातील तिथल्या अंगणवाडीने विचारपूस न करता त्यांना घेतलं पाहिजे.

वाशीम 2018 पासून देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. महाराष्ट्रातले असे चारच जिल्हे. या यादीमुळे जिल्ह्याचे आकडे दिल्लीत पाहिले जातात. मग आकड्यांत एक आकडा घाला : अंगणवाडीत रोज प्रत्यक्ष किती वेळ बालशिक्षण झालं. जे मोजतात त्याच्याकडे अधिकारी बघतात, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे.

गावाच्या हातात काय आहे? ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा महिला-बालकल्याणावर खर्च करायचा असतो. बऱ्याच ठिकाणी तो खुर्च्या, सतरंज्या, शिलाई यंत्रं यांत जातो. माझी विनंती आहे की येत्या ग्रामसभेत विषय मांडा आणि त्या पैशातून गावातल्या एका शिकलेल्या सुनेला, रोज तीन तास, फक्त लेकरांना गाणी-गोष्टी-खेळ यांसाठी अंगणवाडीत नेमता येईल का ते तपासा. नियम आडवा आला तर तो नियम कोणता, हे लेखी मागा. पहिलीच्या शिक्षकाने महिन्यातून एकदा अंगणवाडीत जाऊन बसावं, सेविकेने पहिलीच्या वर्गात. त्याला पैसेही लागत नाहीत.

आणि राज्याकडे मागायचं ते मोजकं मागा. प्रत्येक अंगणवाडीत बालशिक्षणासाठी दुसरी, प्रशिक्षित आणि पगारी शिक्षिका. सेविका-मदतनिसांना कर्मचाऱ्यांचा दर्जा. हंगामात मायबाप वावरात असतील तोवर उघडं राहणारं पाळणाघर. आणि तीन ते सहा वयाच्या लेकरांच्या शिकण्याचा हक्क, सहा ते चौदाच्या लेकरांसारखाच, कायद्यात. जिल्हा परिषदेची, पंचायत समितीची निवडणूक येते तेव्हा रस्ता, पाणी, सभामंडप यांची यादी आपण उमेदवाराच्या हातात देतो. त्या यादीत या चार मागण्या लिहून द्या, आणि खाली सही करायला सगळ्यात आधी तुमच्या अंगणवाडीच्या ताईला बोलवा.